आम्लपित्त आणि आग्रह

रोगांमध्येही प्रतिष्ठेची एक उतरंड असते आणि ती वैद्यकशास्त्राने नव्हे, तर दिवाणखान्यात येऊन बसणाऱ्या मंडळींनी लावलेली असते. ज्याला मधुमेह आहे त्याच्यापुढे यजमानीण न विचारता बिनसाखरेचा चहा आणून ठेवते; ज्याच्या हृदयाने एकदा दगा दिला आहे त्याला जिना चढावा लागू नये म्हणून बैठक खालच्या मजल्यावर भरविली जाते; ज्याचे मूत्रपिंड बिघडले आहे त्याच्या पथ्याचा तपशील दूरच्या नात्यातल्या पोरासोरांनाही पाठ असतो. आम्लपित्ताच्या रोग्याच्या वाट्याला मात्र हा मान कधीच येत नाही. जेवणानंतर तासाभराने त्याच्या छातीच्या मध्यभागी आग उसळली, घशाशी कडू-आंबट पाणी आले आणि सारी रात्र भिंतीला पाठ टेकून काढावी लागली, तरी दुसऱ्या दिवशी ही हकीगत ऐकणारा गृहस्थ सुस्कारा सोडून म्हणतो, “हात्तिच्या, पित्तच ना? मला वाटलं, काही झालं!” आणि लगोलग कांदाभज्यांची बशी पुढे सरकवितो.

या अन्यायाचा बराच काळ विचार केल्यावर मी अशा निर्णयाप्रत आलो आहे की, आपला समाज दुखण्याला सहानुभूती दाखवितो, पथ्याला नाही. रात्री दोन वाजता जळजळीने तळमळणाऱ्या गृहस्थासाठी खाण्याच्या सोड्याची वाटी घेऊन धावत येणारे सज्जन शेजारी, त्याच गृहस्थाने आदल्या संध्याकाळी “माझं जेवण सातलाच झालंय” असे म्हणून त्यांच्या घरच्या पानावर बसण्याचे नाकारले असते, तर मनातून कायमचे दुखावले असते. रोग हा दैवाचा भाग, त्यात रोग्याचा काही अपराध नाही. पथ्य मात्र तो आपल्या मर्जीने करतो, आणि आपल्या मर्जीने केलेली गोष्ट ही दुसऱ्या कोणाची तरी बेअदबी असलीच पाहिजे, असा आपल्याकडे एक अलिखित दंडक आहे. आम्लपित्ताविषयी जे काही माझ्या वाचनात आले त्यात काय खावे, काय वर्ज्य करावे, कोणत्या कुशीवर निजावे आणि कोणती गोळी केव्हा घ्यावी यांचा सविस्तर ऊहापोह आहे; ‘नको’ कसे म्हणावे याविषयी मात्र एक ओळही नाही, आणि सारी चिकित्सा नेमकी तेथेच अडून बसते.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. आपल्या जठरात जे आम्ल स्रवते ते हायड्रोक्लोरिक आम्ल होय, हे विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टराने १८२३ साली सप्रमाण दाखविले. स्नानघराच्या फरश्यांवरचे डाग काढण्याकरिता वाण्याकडून जे ॲसिड आपण नाकाला रुमाल लावून आणतो, त्याच जातीचे द्रव्य आपण चोवीस तास पोटात बाळगून लग्नमुंजीत सुहास्य वदनाने वावरत असतो, ही गोष्ट मनुष्यप्राण्याच्या धैर्याची साक्ष देणारी आहे. जठराच्या आतल्या अंगाला श्लेष्म्याचे अस्तर असल्यामुळे जठर हे आम्ल निमूटपणे सोसते. अन्ननलिकेला तशी तरतूद नाही. म्हणून या दोन मुलुखांच्या सरहद्दीवर निसर्गाने स्नायूच्या एका कड्याची दरवान म्हणून नेमणूक केली आहे. वरून घास आला की दार उघडावे, घास आत गेला की दार लावून घ्यावे, ढेकर द्यावयाची असल्यास वाऱ्यापुरते ते किलकिले करावे आणि आतला ऐवज कोणत्याही सबबीवर बाहेर पडू देऊ नये, एवढीच त्याची चाकरी. परंतु हा दरवान तंबाखू, मद्य, चॉकलेट आणि पेपरमिंट यांच्या संगतीत ढिला पडतो. तेलातुपाने निथळणारे जेवण जठरात फार वेळ मुक्काम ठोकून त्याची परीक्षा पाहते. आणि मालकाचे सुटलेले पोट तर खालून सारखे दार ढकलीत असते. तात्पर्य, ज्याला त्याला वाटते तसे या रोग्यांच्या पोटात आम्ल अतोनात झालेले असतेच असे नाही. बहुधा ते यथायोग्यच असते, फक्त जाऊ नये तेथे जाते. कसूर खजिन्याची नसून बंदोबस्ताची आहे.

जठराच्या आत काय चालते हे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याचा योग अमेरिकेतील विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरास आला. १८२२ साली मॅकिनॅक बेटावर, केसाळ कातड्यांच्या व्यापारात चाकरीस असलेल्या ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणास अगदी जवळून बंदुकीचा बार लागला; तो वाचला, पण पोटाला पडलेले छिद्र कायमचे राहिले. डॉक्टरसाहेबांनी रेशमी दोऱ्याला मांसाचे तुकडे, शिळा पाव आणि कोबी बांधून त्या छिद्रातून आत सोडावे, ठरल्या वेळी दोरा ओढून काढावा आणि पचन कोठवर आले ते टिपून ठेवावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला व त्यातून १८३३ साली जठररसावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध झाला. मनोविकारांनी जठराचे काम बिघडते, अशीही नोंद त्यात आहे. आणि आपल्या पोटात दुसऱ्याने दोऱ्याला बांधून कोबी सोडल्यास कोणाचेही मन बिघडणे स्वाभाविकच आहे. मधूनमधून सेंट मार्टिन डॉक्टरला न विचारता आपल्या मुलखात निघून जाई. डॉक्टर १८५३ साली निवर्तले. छिद्र बाळगणारा रोगी मात्र १८८० सालापर्यंत जगला. जठर आपले, पण त्यात काय जावयाचे ते दुसऱ्याने ठरवावयाचे, या अवस्थेचा तो वैद्यकाच्या इतिहासातील मोठा नमुना समजला जातो. आपल्याकडे ही अवस्था जेवावयास आलेल्या प्रत्येक पाहुण्याची असते, आणि तीही छिद्रावाचून.

आपल्या पूर्वाचार्यांना या विकाराची उत्तम ओळख होती. चरकाने त्याला स्वतंत्र अध्याय दिलेला नसला तरी काश्यपसंहितेत आणि पुढे माधवनिदानात अम्लपित्ताचे स्वतंत्र विवेचन आहे. वर उसळणारे ते ऊर्ध्वग व खाली जाणारे ते अधोग, असे त्याचे दोन प्रकार माधवाने सांगितले आहेत आणि कडू-आंबट ढेकरा, हृदय व कंठ यांचा दाह, अन्नाविषयी अरुची ही लक्षणे इतक्या नेमकेपणाने नोंदविली आहेत की, तो स्वतः एखाद्या बारशाहून नुकताच परतला असावा असा संशय येतो. परंतु मला सर्वांत विचारप्रवर्तक वाटतो तो काश्यपसंहितेतला उपदेश. हा रोग विशेषेकरून आनूप, म्हणजे पाणथळ व दमट, देशात उद्भवतो, आणि औषधांनी तो शमला नाही तर रोग्याने तो देश सोडून अन्यत्र जावे, असे ती संहिता सांगते. भाष्यकार याचा संबंध हवापाण्याशी जोडतात. मला मात्र वाटते की, आचार्यांना मनुष्यस्वभावाचे ज्ञान अधिक होते. देश सोडला की सासुरवाडी सुटते, आळी सुटते, कचेरी सुटते, “आमच्याकडे येऊन उपाशी जाणार का?” हा प्रश्न सुटतो आणि मग रोग राहील कशाला? कोकणच्या दमट हवेतला मनुष्य या उपदेशानुसार घाटावर गेला आणि तेथे त्याच्या स्वागतार्थ कोल्हापूरकर आप्तांनी कटाच्या भांड्यासह मिसळ मांडली, तर तो दोष संहितेचा नव्हे.

या रोगाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, तो ज्याला होतो तो रोगी होत नाही, वैद्य होतो. माझ्या परिचयातील एका काकूंना गेली तीस वर्षे पित्ताचा त्रास आहे, आणि त्या तीस वर्षे इतरांचे पित्त बरे करीत आहेत. त्यांच्या मते सकाळी अनशेपोटी मोरावळा घेतला की सर्व भागते. त्यांचे बंधू कोकमाच्या आगळाचा पुरस्कार करतात. बंधूंच्या मेहुण्यांचा भरवसा आल्यालिंबाच्या पाचकावर, शेजारच्या आजोबांचा धने-जिऱ्याच्या पाण्यावर आणि आजींचा सूतशेखर मात्रेवर आहे. आंबट पदार्थाने उसळलेले आंबट पित्त कोकमाने, लिंबाने आणि आवळ्याने कसे निवावे, असा प्रश्न एकदा मी विचारला होता. त्यावर सर्वांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिले की, तो प्रश्न हेच माझ्या पित्ताचे मुख्य लक्षण असावे. जेवण झाल्यावर “जरा बरं वाटेल” म्हणून तळहातावर ठेवली जाणारी पेपरमिंटची गोळी तर वर सांगितलेल्या दरवानाला खुशाल सुटीवर पाठविते. परंतु ती इतक्या मायेने दिलेली असते की, तिचा गुणधर्म उघड करण्याचे धैर्य मला आजतागायत झालेले नाही.

या सर्व उपायांचा सार्वभौम राजा म्हणजे थंड दूध. दूध पाश्चात्त्यांनीही मनोभावे आजमावले आहे. शिकागोचे डॉक्टर बर्ट्राम सिपी यांनी १९१५ साली जठरव्रणाच्या रोग्यांना तासातासाला दूध आणि साय पाजण्याचा परिपाठ घालून दिला व तो पुढे कित्येक दशके मोठमोठ्या रुग्णालयांतून श्रद्धेने पाळला गेला. मागाहून ध्यानात आले की, दूध घशाखाली उतरताच आम्लाला क्षणभर शांत करते खरे, पण त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम थोड्याच वेळात जठराला नव्याने आम्ल स्रवण्याची चेतना देतात. तसेच मिरचीचे. जठरव्रणाचा आरोप शतकभर मिरची, मसाला आणि चिंता या तिघांवर होता; तेव्हा ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल यांनी १९८४ साली एका जंतूचे द्रावण स्वतः पिऊन आपल्या जठराला सूज आणून दाखविली, आणि खऱ्या गुन्हेगाराचा छडा लावल्याबद्दल त्यांना व रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मिरची त्या खटल्यातून निर्दोष सुटली. मात्र जळजळीचा खटला निराळा आहे व त्यात तिची चौकशी चालू आहे. कित्येकांना ती बाधते, कित्येकांना मुळीच बाधत नाही.

म्हणूनच अलीकडचे सुज्ञ डॉक्टर सरसकट सर्व वर्ज्य करण्यास न सांगता रोग्याने खाण्याचा एक रोजनामा ठेवावा, आपल्याला काय बाधते ते आपणच हुडकून काढावे व तेवढेच सोडावे, असे सुचवितात. मी असा रोजनामा ठेवला. त्यात वांग्याची भाजी आमच्या घरी, संध्याकाळी, एक वाटी, या नोंदीपुढे ‘काही नाही’ असा शेरा आहे. तीच भाजी, मेहुण्यांच्या घरी, रात्री साडेदहाला, दोन वेळा “नको” म्हटल्यानंतर, या नोंदीपुढे ‘पहाटेपर्यंत दाह’ असा शेरा आहे. पुरणपोळीची, मसालेभाताची आणि साध्या वरणाचीही हीच कथा. या दप्तराची छाननी केल्यावर असे निष्पन्न झाले की, जळजळीचा कार्यकारणसंबंध पदार्थांपेक्षा घड्याळाशी, वाढणाऱ्या हाताशी आणि यजमानाशी असलेल्या नात्याच्या नाजूकपणाशी अधिक आहे. व्याह्यांच्या घरचे साधे पाणीसुद्धा मला बाधते, असे रोजनाम्यावरून दिसते. कारण ते तीन पेल्यांनंतरच थांबविता येते.

पथ्याची पहिली गाठ चहाशी पडते. रिकाम्या पोटी कडक चहा घेऊ नये, हे सर्वांना मान्य आहे. परंतु सकाळी पोट रिकामे असते म्हणूनच तर चहा घ्यावयाचा, अन्यथा न्याहारी घेतली नसती का, असा आपला बिनतोड युक्तिवाद आहे. घरचा चहा निग्रहाने एक वेळ टळेल, कचेरीतला टळत नाही. अकराच्या सुमारास टेबलाटेबलांवर पेले येतात, त्या वेळी ज्याने पेला परत पाठविला त्याच्याविषयी दुपारपर्यंत तीन तर्क रूढ होतात: त्याची बढती ठरलेली आहे, त्याचे वरिष्ठांशी बिनसले आहे, किंवा चहाची वर्गणी चुकविण्याचा त्याचा इरादा आहे. त्याच्या छातीत जळत असेल, हा चौथा तर्क कोणालाही सुचत नाही.

दुसरी गाठ उपासाची. फार वेळ उपाशी राहू नये आणि मग एकदम पोटभर खाऊ नये, असे शास्त्र सांगते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण बहुधा हे शास्त्र उलट्या बाजूने वाचूनच तयार झाली असावी. दुपारपर्यंत चहावर तग धरावा आणि नंतर शेंगदाण्याच्या कुटात घोळलेली, तुपात परतलेली, हिरव्या मिरचीने झणझणीत झालेली साबुदाण्याची खिचडी, सोबत बटाट्याची भाजी व तळलेले पापड यांनी देवाची प्रार्थना करावी, यातून पुण्य लाभत असेल यात मला शंका नाही. ते मात्र घशापर्यंत पुन्हापुन्हा येऊन आपली खात्री पटवीत राहते.

परंतु खरे रणक्षेत्र रात्रीच्या जेवणाचे. जेवण आणि शय्या यांच्यामध्ये दोन-तीन तासांचे अंतर राखावे, हा या रोगातील सर्वमान्य नियम आहे. आता ज्या शहरात कचेऱ्या सहाला सुटतात, गाड्या आठला घरी पोहोचवितात आणि लग्नाच्या स्वागतसमारंभात वधूवर नवाला व्यासपीठावर अवतरतात, त्या शहरात सातला जेवणारा मनुष्य एक तर सेवानिवृत्त असतो, नाही तर जैन. पंगतीत तर वेळेचा प्रश्न मागे पडून आग्रहाचा प्रश्न पुढे येतो. जिलबी वाढणाऱ्या आप्ताला “पुरे, पित्त होतं मला” असे सांगावे, तर तो उद्गारतो, “अहो, एवढ्याने काय होतंय? मठ्ठा घ्या वरून, सगळं जिरतं.” पानावर आडवा हात धरावा तर हातावर जिलबी पडते. “डॉक्टरांनी मना केलंय” म्हणावे तर “डॉक्टरला काय कळतंय, आमच्या वडिलांनी पंचवीस खाल्ल्या होत्या” अशी साक्ष निघते. त्या वडिलांची ती रात्र कशी गेली, हे मात्र त्या साक्षीत कधीच नमूद नसते. मधुमेही गृहस्थाच्या पानावरून हेच ताट आदराने पुढे निघून जाते. त्याच्याजवळ आकडा असतो, कागद असतो, प्रयोगशाळेचा शिक्का असतो. जळजळीचा कागद कोठून दाखवावा?

बिछान्याचेही शास्त्र आहे. पलंगाची उशाकडची बाजू सहा ते आठ इंच उंच करावी, म्हणजे आम्लाला चढ लागतो. नुसत्या उशा रचून भागत नाही, कारण त्यामुळे कंबरेत वाकून पोटावर उलट दाब येतो. डाव्या कुशीवर निजावे, म्हणजे जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीवर राहते. हे दोन्ही उपाय बिनखर्चाचे, निर्धोक आणि गुणकारी आहेत, आणि दोन्हींना आमच्या घरात कडाडून विरोध झाला. उशाकडच्या पायांखाली विटा सरकविताच प्रत्येक पाहुणा प्रथम त्या विटांविषयी विचारी आणि उत्तर ऐकून घेण्यापूर्वी खालच्या आवाजात वास्तुदोषाची मीमांसा सुरू करी. “अहो, मी रात्रभर पायथ्याकडे घसरत येते, माझं काय?” ही आमच्या घरातून आलेली तक्रार मात्र न्याय्य होती; आम्लाच्या बंदोबस्तासाठी तिने रोज डोंगर उतरावा, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. अखेरीस फक्त माझ्या बाजूच्या गादीखाली सुताराने केलेली उतरती फळी घालून तडजोड झाली. वजन उतरविणे हा तर या सर्वांहून प्रभावी उपाय; पण आपल्याकडे चार शेर उतरलेल्या मनुष्याला पाहताच “काय हो, घरी सगळं ठीक ना?” अशी विचारपूस होते आणि ती विचारपूस बहुधा बटाटेवड्यासहित असते.

अशा रीतीने पथ्याच्या सर्व वाटा समाजाने रोखल्या म्हणजे मनुष्य औषधाच्या दुकानाकडे वळतो. औषधांत जुने म्हणजे खाण्याचा सोडा आणि पाण्यात पडताच फसफसणारे चूर्ण, ज्याचा उपयोग आपल्या घरांतून निम्मा पोटाकरिता आणि निम्मा ढोकळा फुगण्याकरिता होतो. आराम तत्काळ, पण अल्पजीवी. आणि त्यातील सोडियममुळे रक्तदाबाच्या रोग्यांनी ते जपूनच घ्यावे. त्यानंतर बाटलीतली गुलाबी वा पांढरी दाट औषधे. त्यांतील मॅग्नेशियमने पोट सैल पडते आणि ॲल्युमिनियमने बांधून जाते, म्हणून दोघांना एकाच बाटलीत कोंडून एकमेकांवर पहारा ठेवावयास लावले आहे. मग सर जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून जन्मलेले सिमेटिडीन १९७६ साली ब्रिटनमध्ये विक्रीस आले. हिस्टामिनकडून जठराच्या पेशींना सुटणारे आम्लनिर्मितीचे हुकूम ते मध्येच अडविते. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळाले आणि त्याच वर्षी स्वीडनमध्ये ओमेप्राझोल बाजारात येऊन त्यांच्या औषधाची सद्दी संपण्यास प्रारंभ झाला. हुकूम अडविण्याच्या भानगडीत न पडता हे औषध आम्ल उपसणारे पंपच बंद पाडते. पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही त्याचीच भावंडे आज आपल्या घराघरांतून देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात विराजमान आहेत.

ही गोळी सकाळच्या खाण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाची असते, कारण अन्न येऊन पंप सुरू होण्याच्या सुमारास ती रक्तात हजर असावी लागते. महाराष्ट्रातील सुशिक्षित वर्ग ती रात्री पंगतीतून उठल्यावर घेतो आणि लगेच गुण आला नाही म्हणून डॉक्टर बदलतो. तिचा पुरता प्रभाव दिसावयास काही दिवस जावे लागतात. डॉक्टर ती साधारणतः चार ते आठ आठवड्यांच्या मुदतीने देतात. रोगी त्या मुदतीला स्वतःच्या अखत्यारात मुदतवाढ देत देत नातवंडांच्या मुंजीपर्यंत पोहोचतो. दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम यांची तूट पडू शकते, आणि एके दिवशी तडकाफडकी बंद केल्यास दबलेले आम्ल दुप्पट जोमाने उसळते. म्हणून चालू करताना विचारावे तसे थांबवितानाही डॉक्टरांना विचारावे. हे सर्व खरे असूनही ती इतकी लोकप्रिय का, याचे उत्तर औषधशास्त्रात नाही. थंड दूध, आगळ आणि मोरावळा यांनी निदान सल्ला देणाऱ्याचे समाधान होते. पथ्याने कोणाचेच होत नाही. गोळीने मात्र सर्वांचे होते. ती घेतल्यावर मनुष्य जिलबीला “नको” म्हणत नाही, व्याही रुष्ट होत नाहीत, कचेरीत त्याच्या बढतीच्या अफवा उठत नाहीत. ती आम्ल कमी करते हा तिचा दुय्यम गुण असून नातेसंबंध अबाधित ठेवते हा प्रधान गुण होय. स्वीडिश शास्त्रज्ञांना आपण भारतीय पाहुणचारावरचे औषध शोधीत आहो याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

एका बाबतीत मात्र विनोद बाजूला ठेवला पाहिजे. छातीत दुखले की “गॅस झालाय” म्हणून सोडा पिऊन आडवे होण्याची आपल्याकडे फार जुनी वहिवाट आहे, आणि तिने अनेक घरांतली कर्ती माणसे नेली आहेत. छातीत दाबल्याप्रमाणे दुखत असेल, घाम फुटत असेल, दम लागत असेल, कळ डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जात असेल, तर ते पित्त समजण्याची मुखत्यारी कोणाही काकूंना नाही. तडक रुग्णालय गाठावे. तसेच घास गिळताना अडकू लागला, वजन विनाकारण घटू लागले, उलटीत रक्त दिसले किंवा शौच डांबराच्या रंगाची झाली, तर घरगुती सल्लागार मंडळ त्याच घटकेस बरखास्त करून दुर्बिणीच्या तपासणीसाठी डॉक्टरांसमोर उभे राहावे.

एरवीच्या आम्लपित्तापुरती मात्र माझी एक सूचना आहे. डॉक्टर चिठ्ठी रोग्याच्या नावे लिहितात, ही मूळ चूक होय; रोग्याला पथ्य ठाऊकच असते. चिठ्ठी लिहावी ती त्याच्या भोवतालच्यांना, आणि लिहावी ती विनंतीच्या भाषेत नव्हे, सरकारी भाषेत. कारण शिक्का उमटलेल्या कागदापुढे नमते घेण्याची आपली पिढ्यानपिढ्यांची सवय आहे. मसुदा मी तयार केला आहे: “सदरहू इसमास आम्लपित्ताचा विकार असल्याचे निष्पन्न झाले असून, त्याचे पथ्य हा त्याचा शिष्टपणा नसून हुकूम आहे, याची तमाम संबंधितांनी दखल घ्यावी. सायंकाळी साडेसातनंतर त्याच्या पानावर काही वाढू नये. वाढल्यास वाढणाराने ते स्वतः खावे. ‘एवढ्याने काय होतंय’ असे उच्चारणाराने त्या रात्री रोग्याच्या उशाशी जागत बसून काय होते ते समक्ष पाहावे. थंड दूध, आगळ व आले-लिंबू यांविषयीच्या दरखास्ती दाखल करून घेतल्या जाणार नाहीत. गादीखालील फळीबाबत चौकशी करू नये.” याच्या प्रती सोसायटीचे चिटणीस, कचेरीतील चहावाला, सासुरवाडी आणि व्याही यांस माहितीसाठी व अंमलबजावणीसाठी रवाना कराव्यात, पैकी व्याह्यांची प्रत पोचपावतीसह पाठवावी, आणि ती पोच त्यांच्या सहीनिशी परत येईपर्यंत सकाळची गोळी चालू ठेवावी.